हापूसच्या थेट विक्रीसाठी समाजमाध्यमांचा वापर

कोकणातील आंबा बागायतदार वर्षभर बागेवर खर्च करतो. खते, तुडतुडे व भुरीसाठी फवारण्या, राखण, काढणी, पेटी, वाहतूक हा सर्व खर्च त्याला आधीच माहीत असतो. माहीत नसतो तो फक्त दर. वाशीच्या फळबाजारात पेटी गेली, की तिचे काय झाले हे हिशोबाची पट्टी हातात पडल्यावरच कळते. राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त केल्यानंतर बाजार समितीबाहेर थेट ग्राहकाला विकण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत अनेक बागायतदारांनी पुणे-मुंबईच्या गृहसंकुलांत मोबाईलवरून मागणी घेऊन पेट्या पोचविल्या. तेव्हापासून व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही समाजमाध्यमे आंबा विक्रीची साधने बनली आहेत.

परंतु आज गावोगावी एक तक्रार ऐकू येते. "आम्ही रोज फोटो टाकतो, लोक अंगठे दाखवतात, छान छान म्हणतात, पण पेट्या काही जात नाहीत." ही तक्रार खरी आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा माध्यमात नसते, ते वापरण्याच्या पद्धतीत असते. लहान बागायतदाराकडे विकण्यासाठी दोनशे-चारशे पेट्या असतात. त्याला लाखो लोकांपर्यंत पोचण्याची गरज नाही. त्याला शे-दोनशे कुटुंबे हवीत, जी दरवर्षी त्याच्याचकडून आंबा घेतील. हे एकदा ध्यानात घेतले, की कोणते माध्यम कशासाठी वापरावे, काय लिहावे आणि पैसे कोठे खर्च करावेत हे सर्व आपोआप ठरत जाते.

विक्री न होण्याची कारणे

१) फळ तयार झाल्यावरच पहिला संदेश जातो. तोपर्यंत ग्राहकाने दुसऱ्याकडे पेटी सांगितलेली असते.

२) संदेशात दर, फळाचे वजन, पेटीतील नग व पोच करण्याचे ठिकाण दिलेले नसते. "दरासाठी फोन करा" असे लिहिल्यास बरेच ग्राहक फोन करीत नाहीत.

३) दुसरीकडून उचललेले फोटो वापरले जातात. ग्राहकाला तोच फोटो तीन ठिकाणी दिसतो व विश्वास उडतो.

४) अनोळखी लोकांच्या गटांवर दिवसातून चार वेळा एकच मजकूर टाकला जातो. लोक कंटाळतात आणि क्रमांक अडवतात. अशा तक्रारी वाढल्यास व्हॉट्सॲपकडून खाते बंद होऊ शकते.

५) आलेल्या चौकशीला दुसऱ्या दिवशी उत्तर जाते.

६) जून आला की सर्व संपर्क बंद होतो व पुढच्या मार्चमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. हे सर्वांत महागात पडणारे कारण आहे.

पाया : ग्राहकांची नोंदवही

समाजमाध्यमावरील विक्रीची सुरुवात मोबाईलवर न करता वहीत करावी. ज्याने एकदा तरी पेटी घेतली त्याचे नाव, मोबाईल क्रमांक, शहर व भाग, घेतलेल्या पेट्या, पोचल्याची तारीख, फळाविषयीचा अभिप्राय व तक्रार असल्यास तिचे काय केले, एवढे रकाने पुरे आहेत. ही वही म्हणजे बागेतील कलमांइतकीच मोलाची मालमत्ता समजावी.

त्यानंतर व्हॉट्सॲप बिझनेस हे विनामूल्य ॲप मोबाईलवर घ्यावे. २०१८ पासून मिळणाऱ्या या ॲपमध्ये लहान व्यावसायिकांना उपयोगी अशा सोयी आहेत. बागेचे नाव, पत्ता व वेळ दाखवता येते. मालाची सूची फोटो व दरासह ठेवता येते. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. प्रत्येक ग्राहकाला "नवीन चौकशी", "पैसे जमा", "पेटी रवाना" अशी खूणचिठ्ठी लावता येते. काढणीच्या गडबडीत कोणाची पेटी गेली आणि कोणाची राहिली हा घोळ या खूणचिठ्ठ्यांमुळे टळतो.

ग्राहकांना एकाच वेळी संदेश पाठविण्यासाठी गटाऐवजी प्रसारण यादी, म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. गटात सर्वांना सर्वांचे क्रमांक दिसतात व विषयांतर होते. प्रसारण यादीतील संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. एका यादीत २५६ क्रमांक बसतात, म्हणजे लहान बागायतदाराला एक-दोन याद्या पुरतात. मात्र येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या ग्राहकाने आपला क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये साठवलेला नाही, त्याला प्रसारण यादीतील संदेश पोचत नाही. म्हणून पेटीत एक छापील चिठ्ठी टाकावी व त्यावर बागेचे नाव, क्रमांक आणि "हा क्रमांक साठवून ठेवावा, म्हणजे पुढील हंगामाची माहिती मिळेल" असे लिहावे. ज्याला संदेश नको असतील त्याचे नाव लगेच कमी करावे.

संदेशांचे वेळापत्रक पिकाबरोबर ठेवावे

फवारणीचे जसे वेळापत्रक असते तसेच संदेशांचेही असावे. पुढील क्रम बहुतेक बागांना लागू पडेल. आपल्या भागातील मोहोर लवकर किंवा उशिरा असेल त्याप्रमाणे तो पुढेमागे करावा.

नोव्हेंबर ते जानेवारी : महिन्यातून एक संदेश. पालवी, मोहोर व बागेतील कामे यांचे फोटो. या काळात विक्रीची भाषा नको.

फेब्रुवारी : फळधारणा कशी झाली आहे याची खरी माहिती. यंदा फळ साधारण केव्हा तयार होईल याचा अंदाज.

मार्च : जुन्या ग्राहकांना आगाऊ नोंदणीची संधी. गुढीपाडवा व अक्षय्य तृतीयेला मागणी एकदम वाढते, तेव्हा कोणाला किती पेट्या देता येतील हे आधीच ठरवावे.

एप्रिल व मे : प्रत्येक तोडणीच्या तीन-चार दिवस आधी एक संदेश आणि पेटी निघाल्यावर संबंधित ग्राहकाला वेगळा निरोप. मे महिन्यात आवक वाढून दर उतरतात. तेव्हा उतरलेला दर आपणहून कळवावा.

जून : आभाराचा संदेश व दोन प्रश्न. फळ कसे वाटले? पुढील वर्षी काय सुधारावे?

ऑगस्ट ते ऑक्टोबर : एखादा संदेश पुरे. छाटणी, खते, पावसाळ्यातील बाग.

मागणी जास्त, फळ कमी असेल तेव्हा

गेल्या काही वर्षांत अवकाळी पाऊस, लांबलेली थंडी, फुलकिड्यांचा प्रादुर्भाव यांमुळे काही बागांत फळ फार कमी राहिल्याचे अनुभव आहेत. अशा वर्षी आगाऊ नोंदणी घेतलेल्या बागायतदाराची कसोटी लागते. बाजारातून दुसरा आंबा विकत घेऊन आपल्या नावाच्या पेटीत भरण्याचा मोह होतो. असे करू नये. ग्राहक फळ ओळखण्यात दिसतो तितका कच्चा नसतो, आणि एका पेटीमुळे गेलेला ग्राहक सोसायटीतील आणखी चार घरे बरोबर घेऊन जातो.

परिस्थिती मार्चमध्येच स्पष्ट कळवावी. "यंदा मोहोर गळाल्याने फळ निम्मे आहे. प्रत्येक कुटुंबाला एकच पेटी देता येईल. ज्यांना थांबणे शक्य नसेल त्यांचे आगाऊ पैसे परत करू." शेजारच्या बागायतदाराचे फळ द्यावयाचे असल्यास तसे सांगून द्यावे. थेट विक्रीत बागायतदार हे बोलू शकतो. बाजारात गेलेल्या पेटीला तोंड नसते. थेट विक्रीचा हा सर्वांत मोठा लाभ आहे आणि तो वाया घालवू नये.

संदेश कसा लिहावा?

पुढील दोन नमुने पाहावेत.

नमुना पहिला : "अस्सल देवगड हापूस! १०० टक्के नैसर्गिक! त्वरा करा, साठा मर्यादित!"

नमुना दुसरा : "नमस्कार. आमच्या देवगड तालुक्यातील बागेत हापूसची दुसरी तोडणी १८ एप्रिलला आहे. फळ २३० ते २७० ग्रॅम. पेटी ५ डझनांची. दर २,५०० रुपये, पुण्यात घरपोच. पेटी २० एप्रिलला संध्याकाळी मिळेल. फळ हिरवट असेल, खाण्यास आणखी ६ ते ८ दिवसांनी तयार होईल. या खेपेस ४० पेट्या आहेत. नाव, पत्ता व पेट्यांची संख्या कळवावी."

पहिला नमुना कोणीही लिहू शकतो, म्हणून त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या नमुन्यात ग्राहकाच्या मनातील सहा-सात प्रश्नांची उत्तरे आहेत. संदेश लिहून झाल्यावर तो घरातील दुसऱ्या माणसाला वाचावयास द्यावा आणि त्याला आणखी काही विचारावेसे वाटते का ते पाहावे. जो प्रश्न येईल त्याचे उत्तर संदेशात घालावे.

फोटो काढताना सकाळच्या उन्हात, हातात किंवा वजनकाट्यावर फळ धरून काढावा, म्हणजे आकार समजतो. रंग गडद करणारी सोय वापरू नये. फोटोवर बागेचे नाव टाकावे, कारण चांगले फोटो उचलून खोटी खाती चालविणारेही असतात. चित्रफीत एक मिनिटाच्या आतील असावी. विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने देठासह फळ कसे काढतात, प्रतवारी कशी करतात, पेटीत गवताचा थर कसा देतात, हे शहरातील ग्राहक आवडीने पाहतो. त्यातून दराचे कारणही त्याला न सांगता कळते.

कोणते माध्यम कशासाठी?

सर्व माध्यमांवर हजर राहण्याची आवश्यकता नाही. घरातील एक व्यक्ती रोज अर्धा तास देऊ शकेल एवढाच पसारा ठेवावा.

व्हॉट्सॲप : जुन्या ग्राहकांशी संपर्क, मागणी व हिशोब. स्टेटसवर टाकलेला फोटो २४ तास राहतो. रोजच्या बागेतील गोष्टींसाठी ते योग्य आहे.

फेसबुक व इन्स्टाग्राम : नवीन ग्राहकाला ओळख व्हावी म्हणून. येथे टाकलेला प्रत्येक मजकूर सर्व अनुयायांना दिसतोच असे नाही, म्हणून केवळ यावर विसंबून राहू नये. येथे आलेल्या चौकशीला व्हॉट्सॲपवर आणून वहीत नोंदवावे.

गुगल नकाशा : बागेची किंवा विक्री केंद्राची नोंद विनामूल्य करता येते. महामार्गाजवळील बागांना आणि कृषी पर्यटन केंद्रांना ती फार उपयोगी पडते. समाधानी ग्राहकांना तेथे अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नये, ते गुगलच्या नियमांविरुद्ध आहे.

तक्रार आली तर

हापूसमध्ये साका हा दोष बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. ८५ टक्के पक्वतेला काढणी केल्यास व काढलेले फळ उन्हात न ठेवल्यास त्याचे प्रमाण कमी राहते, तरी तो पूर्णपणे टळत नाही. ही माहिती पेटीबरोबरच्या चिठ्ठीत आधीच द्यावी. पेटी उघडून फळे एका थरात पसरावीत, हिरवी फळे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, पिकलेली निवडून आधी खावीत, या सूचनाही त्यात असाव्यात. बऱ्याच तक्रारी ग्राहकाला फळ हाताळण्याची माहिती नसल्याने येतात.

खराब फळाबाबतचा नियम स्वतःच ठरवून जाहीर करावा. उदाहरणार्थ, "पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांत खराब फळाचा फोटो पाठविल्यास तेवढी फळे पुढील पेटीत देऊ किंवा पैसे परत करू." फेसबुकवर कोणी जाहीरपणे तक्रार लिहिली तर ती पुसून टाकू नये. त्याखालीच शांतपणे उत्तर लिहावे व तक्रार सुटल्यावर तेही नोंदवावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाचे असते.

जाहिरातीचा खर्च परवडतो का?

फेसबुक व इन्स्टाग्रामवर पैसे देऊन ठराविक शहरातील लोकांना जाहिरात दाखवता येते. ती द्यावी की नाही हे हिशोबाने ठरवावे. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालावेत.

थेट विक्रीचा पेटीचा दर : २,५०० रुपये
पेटी, गवत व भराई : १५० रुपये
वाहतूक व घरपोच खर्च : २०० रुपये
खराब फळांच्या भरपाईसाठी तरतूद : १२५ रुपये
शिल्लक : २,०२५ रुपये
तीच पेटी बाजारात पाठविल्यास हाती येणारे निव्वळ पैसे : १,६०० रुपये
थेट विक्रीचा जादा लाभ : ४२५ रुपये

समजा जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च केले, ६० जणांनी चौकशी केली आणि १२ पेट्या गेल्या. म्हणजे पेटीमागे जाहिरातीचा खर्च २५० रुपये झाला व जादा लाभ १७५ रुपयांवर आला. त्यात घरच्या माणसाचा वेळ धरलेला नाही. परंतु याच ग्राहकांनी पुढील वर्षी पुन्हा पेटी घेतली तर जाहिरातीचा खर्च शून्य आणि लाभ पूर्ण ४२५ रुपये राहतो. ते परत आले नाहीत तर दरवर्षी नवीन ग्राहक विकत घेण्यासारखे होते. यावरून असे दिसून येते, की पैसे जाहिरातीत घालण्याअगोदर चांगली पेटी, अचूक वेळ व तक्रारीचे निवारण यांत घालणे अधिक फायद्याचे आहे.

म्हणून हंगामाच्या शेवटी तीन आकडे काढावेत. किती चौकश्या आल्या, त्यांपैकी किती जणांनी पेटी घेतली आणि गेल्या वर्षीच्या ग्राहकांपैकी किती जण परत आले. चौकश्या भरपूर आणि विक्री कमी असल्यास दर, संदेश किंवा उत्तराचा वेग तपासावा. विक्री चांगली आणि परत येणारे कमी असल्यास फळाची प्रत व पेटी भरण्याची पद्धत तपासावी. अंगठे व अनुयायी यांची संख्या मोजण्यात वेळ घालवू नये.

कायदा व सावधगिरी

१) हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे आहेत. मानांकनाचे चिन्ह जाहिरातीत वापरण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. इतर भागांतील आंबा आपल्या नावाने विकला जातो या तक्रारीवर ही नोंदणी उपयुक्त ठरते.

२) फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाईड वापरण्यास बंदी आहे. गवतात अढी घालून किंवा नियमानुसार इथिलिन वायूने फळ पिकवता येते. जी पद्धत वापरली असेल तीच लिहावी.

३) आंबापोळी, आमरस, लोणचे असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकताना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. त्याचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर असावा.

४) "मधुमेहींसाठी औषधी", "रोग बरा करणारा" असे दावे करू नयेत. असे दावे कायद्याच्या कचाट्यात सापडतात. "सेंद्रिय" हा शब्दही प्रमाणपत्र असल्याशिवाय वापरू नये.

५) मोठ्या मागणीचा बहाणा करून "पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता अधिक असते.

इतर उत्पादकांसाठी

हीच पद्धत कोल्हापूरचा गूळ, सांगलीचा बेदाणा व हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ अशा मालालाही लागू पडते. फरक एवढाच, की हा माल टिकाऊ असल्याने वर्षभर थोडा थोडा विकता येतो. म्हणून तेथे तोडणीच्या तारखेऐवजी ग्राहकाच्या घरातील डबा केव्हा रिकामा होतो हे वहीवरून पाहावे. पाच किलो गूळ नेणारे कुटुंब साधारण किती दिवसांनी पुन्हा मागते हे दोन-तीन खेपांत कळते. त्या सुमारास एक साधा निरोप पाठवावा.

बागायतदार बंधू-भगिनींनो, यंदाच्या हंगामासाठी पहिले काम म्हणून गेल्या दोन वर्षांत ज्यांनी आपला आंबा घेतला त्यांची नावे आठवून वहीत उतरवावीत. नावे वीसच निघाली तरी चालतील. त्या वीस जणांना फळाची खरी स्थिती, तोडणीची तारीख व दर कळवावा आणि सांगितलेल्या दिवशी सांगितलेलेच फळ पोचवावे. पुढची वीस नावे बहुधा त्यांच्याच ओळखीतून येतील.